दाभणाएवढं भोक

"जन्मभर किड्यांच्या नोकरीत राहिलात, म्हणजे नेमकं केलंत काय?" माझा जावई दर दिवाळीला हा प्रश्न विचारतो. पुण्याचा आहे, माणूस वाईट नाही. मी सांगतो, "लोकांच्या शिव्या खाल्ल्या, दुसरं काय!" तो हसतो. त्याला वाटतं, सासरे थट्टा करताहेत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. साहेब नागपूरला बसत आणि अळ्या आमच्या वाट्याला येत. मी अकोल्याला शेतकी खात्यात कीटक-सहायक होतो, पण हा शब्द कुणाच्याच तोंडात बसेना, म्हणून गावोगाव माझं नाव पडलं अळीमास्तर. काम सांगायला सोपं. कुणाचं पीक नासायला लागलं की जायचं, कुणी खाल्लं ते ओळखायचं आणि उपाय सांगायचा. उपाय तरी काय होते हो तेव्हा? राख, तंबाखूचं पाणी, राकेल आणि साबण. त्यामुळे सगळा भर एकाच गोष्टीवर, कोण कुणाच्या जिवावर जगतं ते शोधण्यावर. कपाशीची बोंडं पोखरणारी अळी कपाशी नसताना भेंडीवर दिवस काढते, हे ठाऊक असलं तर भेंडी उपटायला सांगता येतं. ठाऊक नसलं तर बसा कपाळाला हात लावून. हल्ली कॉलेजात या विद्येला मोठं नाव आहे म्हणे. आम्ही तिला 'नातीगोती पाहणं' म्हणत असू.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. भातकुलीकडच्या एका गृहस्थानं पोतंभर जिवंत सुरवंट आणले आणि ऑफिसच्या टेबलावर ओतून म्हणाला, "सांगा आता, कोन्या जातीचे हायत!" हेडक्लार्क खुर्चीवर चढले ते दुपारपर्यंत उतरले नाहीत. एक बाई अकोल्याच्या बाजारात माझी वाट अडवून उभी राहिली. "मास्तर, ढेकनाचं औषिद द्या. माह्या सासूनं आंदन देलेले ढेकून हायत, मरता मरत नाईत!" मी म्हटलं, बाई, सासूच्या आंदणाला सरकारकडे औषध नाही.

हे हसण्यावारी गेलं. पण एक प्रकरण असं झालं, की ते अजूनही माझ्या मनातून जात नाही. त्यात पीक बाजूला राहिलं आणि एका माणसाची अब्रू माझ्या सहीवर टांगली गेली.

भाद्रपद सरत आला होता. अचलपूरच्या स्टेशनात छोट्या गाडीतून उतरलो तर बैलांची दमणी घेऊन स्वतः बापूसाहेब आलेले. बापूसाहेब म्हणजे अमरावतीचे नामांकित वकील. त्यांचं मूळ गाव परतवाड्यापासून कोस-दोन कोसांवर. तिथं त्यांची संत्र्याची बाग होती, आणि घरी वडील होते, नाना. नाना वैद्यकी करत, फुकट.

दमणी हलली तसे बापूसाहेब म्हणाले, "मास्तर, तुमचं काम घटकाभराचं आहे. बाग पाहा, आणि हा किडीचा प्रकार नाही, माणसाच्या हातचा आहे, एवढं लिहून सही द्या. उद्या सकाळी पाटलाच्या ओसरीवर पंच बसणार आहेत. तिथून पुढं पोलीस."

"कुणाच्या हातचा?"

"आमच्या रखवालदाराच्या. उस्मानच्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं. हा उस्मान त्यांच्या बागेत म्हातारा झाला होता. बापूसाहेब लहान असताना त्याच्या खांद्यावर बसून बाग हिंडले होते आणि त्याला चाचा म्हणत. श्रावणात शेजारच्या बकऱ्या कुंपणातून शिरल्या आणि कलमं खाऊन गेल्या, तेव्हा बापूसाहेबांनी चार लोकांत त्याला नको ते बोलून घेतलं. म्हाताराही तापट. तो म्हणाला, "गरिबाची हाय लागन तुमच्या बागेले!" त्यानंतर महिनाभरात फळं पडायला लागली, आणि पडलेल्या प्रत्येक फळाला एक बारीक, गोल, स्वच्छ भोक. रिकाम्या वेळी उस्मान बैलांच्या झुली आणि कापसाची पोती शिवायचा. त्याच्या झोपडीत दाभण सापडलं. दाभण भोकात घातलं तर बरोब्बर बसलं.

"शपथ घे म्हटलं तर घेत नाही," बापूसाहेब म्हणाले. "दर्ग्यावर चल म्हटलं, येत नाही. निर्दोष माणूस शपथेला भितो का?"

वकिलाशी दमणीत वाद घालू नये.

बागेत शिरलो आणि माझा जीव थोडा थोडा व्हायला लागला. झाडांखाली फळांचा सडा. काही अजून हिरवी, काही पिवळटायला लागलेली. मी एकेक चिरून पाहू लागलो. माझ्या धंद्यात साधा हिशेब असतो. फळाला भोक असलं की आत अळी हवी, अळी नसली तर तिची विष्ठा तरी हवी, आणि तीही नसली तर तिनं कुरतडलेली वाट हवी. इथं काहीच नाही! भोकाभोवती मऊ पडलेला डाग, आतल्या फोडी रस ओढून घेतल्यासारख्या कोरड्या, आणि बस्स. कुणी दाभण खुपसून काढलं असतं तर थेट असंच दिसलं असतं.

"पटलं?" बापूसाहेबांनी विचारलं. खिशातून त्यांनी कागद आणि टाक काढला. वकीलच तो, मसुदा तयार करूनच आला होता.

टाक मी हातात घेतला सुद्धा. पण फोडी कोरड्या का, हे काही माझ्या मनातून जाईना. दाभण भोक पाडतं, रस पीत नाही. मग मला नागपूरच्या ऑफिसातली काचेची पेटी आठवली. तीत एक भला मोठा पतंग टाचलेला होता, मागचे पंख हळदीसारखे पिवळे. आमचे साहेब म्हणाले होते, हा सोंडेनं फळ फोडून रस पितो. मी तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. शेकडो पतंग हाताळले होते मी. पतंगाची सोंड म्हणजे ओला दोरा, तिनं फूल चाटावं. संत्र्याची साल ती काय फोडणार, कप्पाळ!

"मला आजची संध्याकाळ द्या," मी म्हणालो.

"कशासाठी?"

"हे रात्री होतं की दिवसा, ते पाहू. उस्मानला आत्ता पाटलाच्या ओसरीवर नेऊन बसवा, पाटील समोर. आपण दोघं एका झाडावरचं भोकाचं प्रत्येक फळ काढून टाकू आणि त्याच झाडाखाली बसू. नवीन भोक पडलं तर ते त्याचं नव्हे."

"आणि नाही पडलं तर?"

"तर तुमच्या कागदावर सही करतो."

बापूसाहेब करारी माणूस, पण न्यायी. म्हणाले, "कबूल."

पाटलाच्या ओसरीवर मी उस्मानचाचाला पहिल्यांदा पाहिलं. पांढरी दाढी, उंच, ताठ बसलेला. बाहेर रस्त्यावर हिंदू-मुसलमान, दोन्हीकडची माणसं गोळा होऊन कुजबुजत होती, आणि पाटलाच्या तोंडचं पाणी पळालेलं. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "मास्तर, लवकर निकाल लावा बापा. गोठ बागेची हाये, पन गावात दुसऱ्याच वाटेनं जाऊन राहिली. मले झोप नाई."

मी चाचाला विचारलं, "शपथ का घेत नाही तुम्ही? घेतली असती तर मिटलं असतं."

"कायले घेऊ?" तो म्हणाला. "चोर कसम खाते, मास्तर. म्या पाच वख्ताच्या नमाजीत अल्लाले सोडून कोनाले सफाई देल्ली नाई. बापूसाहेबाले देऊ? त्याले म्या चालाले शिकवलं."

दिवस मावळता मावळता आम्ही बागेच्या मधलं एक झाड निवडलं आणि डहाळ्या उलटून उलटून ते साफ केलं. त्यावर आता सगळी धड फळं होती. मग मी माझ्या धंद्याप्रमाणं दिव्याचा सापळा मांडला. पेट्रोमॅक्स टांगायचा, खाली परातीत राकेल घातलेलं पाणी ठेवायचं. दिवा दिसला की पतंग झेपावतो आणि परातीत पडतो. आजवर हा सापळा मला कधी दगा देऊन गेला नव्हता.

त्या संध्याकाळी परातीत चिलटं पडली, दोन भुंगे पडले, एक नाकतोडा पडला. पतंग नाही. वरून पावसाची बुरबुर सुरू झाली. बापूसाहेब उपरणं डोक्यावर घेऊन बसले होते. मी उठून उठून फळं चाचपत होतो. सगळी धड. लेका अळीमास्तर, मी स्वतःला म्हणालो, पेटीतल्या मेलेल्या किड्याच्या भरवशावर तू एका माणसाला पणाला लावलंस!

"मास्तर," बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "झालं ना आता? मलाही आनंद नाही याचा."

त्यांनी कागद काढला. अक्षरं दिसावीत म्हणून मी पेट्रोमॅक्सखाली गेलो, आणि डोळे असे दिपले की कागदच दिसेना. भर बागेत एवढा उजेड! तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात आलं. दिवा लागला की पतंग येतो, हे मी धरूनच चाललो होतो. पण चोरून खाणारा उजेडात कशाला येईल? सगळेच पतंग दिव्यावर भाळतात असं कुणी सांगितलं? ज्याला फळ हवं आहे त्याला दिवा कशाला?

"विझवा तो!" मी ओरडलो. बापूसाहेबांना वाटलं मला वेड लागलं. मीच झडप घालून पेट्रोमॅक्स बंद केला. येताना आणलेला कंदील तेवढा ठेवला, वात अगदी खाली केली आणि त्यावर त्यांचं ओलं उपरणं गुंडाळलं. "आता बोलू नका, हलू नका."

अंधार असा की शेजारचा माणूस दिसेना. पाऊस थांबला, पानांवरून पाणी तेवढं टपटपत होतं. किती वेळ गेला देव जाणे. मला तर युग वाटलं. मग डोक्याच्या वर काहीतरी फडफडलं. वटवाघूळ असावं म्हणून मी लक्ष दिलं नाही. पुन्हा फडफडलं. आणि मग वास आला. संत्रं सोलताना येतो ना, तसा तिखट, डोळ्यांत जाणारा.

मी उपरण्याचा कोपरा थोडा उचलला. समोरच्या डहाळीवर, फळाला चिकटून, विस्तवाचे दोन कण चमकले. बापूसाहेबांनी माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होता. विस्तव नव्हता तो, डोळे होते. त्याच्या पलीकडच्या फळावर आणखी दोन. त्याच्या वर आणखी.

"मास्तर, हे काय आहे?" ते कुजबुजले.

"तुमचा उस्मान," मी म्हणालो. जीभ माझी तिखटच, तेव्हाही आवरली नाही.

अलगद पुढं होऊन मी एकावर ओंजळ झाकली. कंदील मोठा केला. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, दिवसा झाडावर बसला तर बापजन्मात ओळखू येणार नाही. खालचे पंख हळदीसारखे पिवळे. टाचणीनं मी त्याची गुंडाळलेली सोंड उलगडली आणि बापूसाहेबांचं बोट तिच्या टोकाला लावलं. टोक कडक होतं, आणि त्यावर करवतीसारखे दाते. त्यांनी बोट झटकन मागं घेतलं. मग ते स्वतः झाडाकडं वळले आणि घटकेपूर्वी आपल्याच हातांनी तपासलेलं फळ चाचपू लागले. ते ओलं होतं. भोकातून रस गळत होता.

त्याच पावली आम्ही पाटलाकडं गेलो. पाटलांनी देव्हाऱ्याकडं तोंड करून हात जोडले. उस्मानचाचा ओसरीवरच पडला होता, झोपला होता की जागा होता सांगता येत नाही. बापूसाहेब म्हणाले, "सकाळी सगळ्यांसमोर सांगतो. चार लोकांत बोललो, चार लोकांतच परत घेईन." ते मला आवडलं.

माझं काम मात्र अर्धंच झालं होतं. पतंग येतो कुठून? बागेत त्याच्या अळीचा मागमूस नव्हता. म्हणजे खाणावळ इथं आणि पाळणा दुसरीकडं. फटफटायला लागल्याबरोबर मी कुंपणाकडं गेलो. कुंपणावर गुळवेल माजली होती. तिची पानं उलटली तर खाली अळ्या. काळपट, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके, डिवचलं की डोकं मुडपून घेणाऱ्या. वेलीच्या मागोमाग गेलो, तो थेट नानांच्या अंगणातल्या कडुनिंबाशी पोचलो. निंबावर चढलेली गुळवेल औषधाला उत्तम. नानांनी ती स्वतः लावलेली, जपलेली. गावात कुणालाही ताप आला, हिंदू असो की मुसलमान, तो त्या निंबाखाली यायचा आणि नाना हातभर कांड तोडून द्यायचे. तिचीच कांडं कुंपणावर खोचली होती, की गावाला कधी कमी पडू नये.

नाना तुळशीला पाणी घालत होते. मी त्यांना पान उलटं करून दाखवलं. त्यांना सांगताना माझी जीभ जड झाली, खोटं कशाला बोलू. अळी तुमच्या वेलीवर वाढते, पतंग होते आणि संध्याकाळी बागेत जेवायला जाते; बाग हवी तर वेल काढायला हवी.

नानांनी तांब्या खाली ठेवला. "म्हंजे दाभन माह्या अंगनात होतं म्हना की," ते म्हणाले. मग वेल दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. म्हाताऱ्याला ती निघेना. मी हात लावला. मुळासकट निघाली तेव्हा नाना पायरीवर बसून रडले, लहान मुलासारखे. खात्याच्या दृष्टीनं मी उत्तम सल्ला दिला होता. पण त्या वेलीची लाल फळं खायला बुलबुल यायचे, तापाची माणसं यायची, आणि अळीही यायची. वेल की बाग, हे निवडायची पाळी माझ्यावर आली आणि मी बाग निवडली. बरोबर होतं का? आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पंच बसले. ओसरी भरून माणसं रस्त्यावर आली होती. मी पतंग दाखवला, सोंड दाखवली, रात्रीचं ताजं फळ दाखवलं. माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकवाकून पाहत होती. कुणीतरी म्हणालं, "आयला, येवढासा किडा!" आणि हशा पिकला. इतक्या दिवसांत त्या गावात कुणी हसलं नव्हतं. पाटलांनी तर मोठा सुस्कारा सोडला.

बापूसाहेब उभे राहिले. "चाचा," ते म्हणाले. महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द उच्चारला. "माझी चूक झाली. सगळ्यांच्या देखत माफी मागतो. आजपासून बाग पुन्हा तुमची."

लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यांना वाटलं, गोड झालं.

उस्मानचाचा उठला. "एकच गोठ इचारतो, बापूसाहेब. काल पानी येऊन राहिलं होतं. पान्यापायी थो किडा आलाच नसता, तं आज मी कुठी असतो?"

बापूसाहेब खाली पाहत म्हणाले, "पोलिसात."

"तुमी धोतर नेसत नव्हते तवापासून मले पाहून राहिले. त्या किड्याले काल पाह्यलं. अन् भरोसा त्याच्यावर ठेवला."

एवढं बोलून तो ओसरी उतरला. झोपडीतून एक गाठोडं घेतलं आणि परतवाड्याच्या वाटेला लागला. तिथं त्याची बहीण राहायची.

थोड्या वेळानं आमची दमणी त्याच वाटेनं निघाली. मला गाडी गाठायची होती. पुढं तो चालताना दिसला. बापूसाहेबांनी दमणी थांबवली, म्हणाले, "चाचा, बसा वर." त्यानं मान हलवली, रागानं नाही, नुसती हलवली, आणि चालत राहिला. तेव्हा बापूसाहेब उतरले. काळा कोट, पायांत पंपशू, वाट सगळी चिखलाची. ते त्याच्या मागं चालायला लागले. म्हाताऱ्यानं वळून पाहिलं नाही, आणि चालही वाढवली नाही. दमणीवाल्यानं बैल आवरून धरले आणि आम्ही त्या दोघांच्या मागं, पावलापावलानं, परतवाड्याच्या पुलापर्यंत आलो.

पुलाच्या पलीकडं चाचा बाजाराच्या गल्लीत वळला. बापूसाहेब रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मी हाक मारली, "बापूसाहेब, गाडीची वेळ होते आहे."

ते वळले नाहीत. "तुम्ही जा, मास्तर," ते म्हणाले. "चाचाच्या त्या बोलण्यावर काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही."